धवला, सकळ लिपी आणि आपली खुली शैक्षणिक साधनं

आयोजकांनी मला विषय दिला आहे 'उच्च शिक्षणातली खुली शैक्षणिक साधनं'. प्राध्यापक मंडळींना हा शब्द आता पाठ झाला आहे, नॅकचा अहवाल लिहिताना तो कुठेतरी घालावाच लागतो. (हशा) इंग्रजीतला मूळ शब्द २००२ साली युनेस्कोच्या पॅरिसच्या बैठकीत रूढ झाला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीनं आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्या जगासाठी मोफत ठेवायचं जाहीर केलं होतं. पुढे २०१९ मध्ये युनेस्कोनं सदस्य देशांना याबाबत रीतसर शिफारस केली. या चळवळीतले लोक 'खुलं' कशाला म्हणतात ते सुरुवातीलाच सांगतो, कारण माझं आजचं भांडण त्याच्यावरूनच आहे. साधन मोफत मिळालं एवढ्यानं ते खुलं होत नाही. ते स्वतःजवळ ठेवून घेता आलं पाहिजे, वापरता आलं पाहिजे, त्यात बदल करता आला पाहिजे, दुसऱ्या साहित्यात ते मिसळता आलं पाहिजे, आणि तसं करून पुढे वाटता आलं पाहिजे. यातलं पहिलं पाऊल आपण टाकतो, दुसऱ्यावर थांबतो आणि अहवालात पाचही लिहून मोकळे होतो.

या विषयावरची भाषणं एमआयटीपासून सुरू होतात. अमरावतीत बसून तिथून सुरू करायचं कारण मला दिसत नाही. बंद ज्ञान उघडण्याचं एक फार मोठं काम याच गावात झालं आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांना ते माहीत नाही. म्हणून मी तिथून सुरू करतो.

दिगंबर जैनांचा 'षट्खंडागम' हा प्राचीन सिद्धांतग्रंथ, पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांचा. त्याच्यावर वीरसेनांनी नवव्या शतकात 'धवला' नावाची टीका लिहिली, काही प्राकृतात, काही संस्कृतात. बहात्तर हजार श्लोक भरतील एवढा तिचा विस्तार. हा ग्रंथ कित्येक शतकं एकाच ठिकाणी उरला होता, दक्षिण कर्नाटकात मूडबिद्रीला, ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत. यात्रेकरू जायचे, पोथ्यांचं दर्शन घ्यायचे, नमस्कार करायचे आणि परत यायचे. वाचत कोणी नव्हतं. ज्ञानाचं देवत्व आणि ज्ञानाचं मरण ही दोन्ही एकाच पेटीत कशी नांदू शकतात, त्याचं हे उदाहरण.

पत्रं जीर्ण होत चालली तेव्हा सोलापूर-मुंबईकडच्या श्रावकांनी पुढाकार घेतला आणि १८९६ मध्ये नक्कल करायला सुरुवात झाली. ते काम १९२२ पर्यंत चाललं. नक्कल झाली तरी अट कायम होती, की ती मूडबिद्रीतच राहील. म्हणजे जीर्णोद्धार झाला, पण कुलूप तसंच. आता पुढची गोष्ट ऐका. नक्कल करणाऱ्यांपैकी गजपती उपाध्याय नावाच्या पंडितानं, पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीनं, गुपचूप एक जास्तीची कन्नड प्रत तयार केली. ती सहारनपूरला गेली, तिथल्या लाला जंबूप्रसादांकडे. तिथे तिचं नागरीत लिप्यंतर करायला बसवलेल्या सीताराम शास्त्रींनी आणखी एक प्रत स्वतःसाठी करून ठेवली. तिच्यावरून मग प्रतींच्या प्रती झाल्या आणि आरा, सागर, सोलापूर, आपलं कारंजा अशा गावोगावी पोचल्या.

ही चोरी होती का? तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी हा प्रश्न विचारायचो तेव्हा अर्धा वर्ग 'हो' म्हणायचा. माझं मत सांगतो. गजपतींनी विश्वास मोडला हे खरं आहे, त्याला दुसरा शब्द नाही. पण त्यांनी पोथीतलं एकही पान कमी केलं नाही. मूडबिद्रीजवळ जे होतं ते सगळं तिथेच राहिलं. गेली ती एकटेपणाची मालकी. विश्वासभंगाचा दोष आणि ज्ञान उघडं झाल्याचा लाभ, हे दोन्ही वेगळे तोलले पाहिजेत, एकात मिसळून चालणार नाही. आजही हा प्रश्न जिवंत आहे. शोधनिबंध फुकट उपलब्ध करून देणाऱ्या साय-हबवर मोठ्या प्रकाशकांनी २०२० च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. तिथलं मुख्य भांडण मला मूडबिद्रीचंच वाटतं. एक फरक मात्र आहे. मूडबिद्रीच्या लोकांनी ग्रंथ प्राणपणानं जपला होता, विकला नव्हता.

पण मित्रहो, गुपचूप केलेल्या प्रतींनी ग्रंथ खुला झाला, असं मला म्हणायचं नाही. लिप्यंतरावरून लिप्यंतर, त्यात पानोपानी चुका, गाळलेल्या ओळी. अशा प्रती गावोगावी असून उपयोग काय? खुला झाला तो अमरावतीत. १९२३ साली इथे किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालं, आजची शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था. तिथे डॉ. हिरालाल जैन संस्कृत शिकवायचे. (याच काळात रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची केली, १९२६ ची. ते हिरालाल निराळे. विद्यार्थी हमखास घोटाळा करतात.) या हिरालाल जैनांनी आधी कारंज्याच्या जैन भांडारांतल्या अपभ्रंश पोथ्या वाचल्या, आणि १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत 'सावयधम्मदोहा', 'पाहुडदोहा', 'णायकुमारचरिउ', 'करकंडचरिउ' असे ग्रंथ एकामागून एक संपादून कारंज्याच्या ग्रंथमालेत छापले. अपभ्रंश म्हणजे आपल्या मराठीची आई म्हणा, मावशी म्हणा. तिच्या अभ्यासाचं मोठं साहित्य वाशिम जिल्ह्यातल्या एका गावच्या देवळांतून बाहेर आलं.

मग त्यांनी धवला हाती घेतली. अमरावतीची, आऱ्याची आणि कारंज्याची प्रत समोर ठेवायची, ओळ ओळ ताडून पाहायची, पाठभेद नोंदवायचे, शुद्ध पाठ ठरवायचा आणि त्याच्या खाली हिंदी अनुवाद द्यायचा. मदतीला फूलचंद्र आणि हीरालाल हे सिद्धांतशास्त्री होते. पहिला भाग १९३९ साली निघाला. प्रकाशनस्थळ, अमरावती. पुढे एकूण सोळा भाग झाले, त्याला वीसेक वर्षं लागली. आणि बघा, छापील भाग पाहिल्यावर मूडबिद्रीकरांचंही मन वळलं, मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून घ्यायला त्यांनी मदत केली. जे काम चोरून सुरू झालं होतं ते राजीखुशीनं पुरं झालं.

आक्षेप आले नाहीत असं नाही. सिद्धांतग्रंथ वाचायचा गृहस्थाला अधिकार नाही, तो मुनींचा विषय आहे, असं त्या वेळी म्हटलं गेलं, आणि हिरालाल जैनांना एका भागाच्या प्रस्तावनेत अध्ययनाच्या अधिकाराची वेगळी चर्चा करावी लागली. हे जैनांपुरतं आहे असं समजू नका. आमच्या वेदान्तात तर ब्रह्मसूत्रांमध्ये अख्खं अपशूद्राधिकरण आहे, आणि शंकराचार्यांनी तिथे शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला आहे. 'विद्या दिल्यानं वाढते' हे सुभाषित ज्या संस्कृतीनं मुलांकडून पाठ करून घेतलं, तिनंच ती कोणाला द्यायची नाही याची यादीही काळजीपूर्वक केली. माझ्या काही सहकाऱ्यांना हे बोललेलं आवडत नाही. नाइलाज आहे.

अधिकार या शब्दात एक चांगला अर्थही आहे, तो आपण टाकून देऊ नये. पूर्वतयारी झाल्याशिवाय कलनशास्त्र समजत नाही, कांट समजत नाही. ती पात्रता शिकवून आणता येते. दुसरा अधिकार जन्मानं, पंथानं किंवा पैशानं ठरतो, तो शिकवून येत नाही. शिक्षकाचं काम पहिला वाढवणं आणि दुसरा मोडणं.

धवला उघडल्यावर काय झालं ते सांगतो आणि पुढे जातो. १९४२ च्या चौथ्या भागात लखनौचे गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतल्या गणितावर लेख आहे. वीरसेनांनी 'अर्धच्छेद' नावाची कल्पना वापरली आहे, एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते ती मोजणारी. आजच्या भाषेत दोन या पायाचा लॉगरिथम. अनंताचेही वेगवेगळे प्रकार त्यात चर्चिले आहेत. मूडबिद्रीत दर्शन घेणाऱ्या भाविकाला किंवा आक्षेप घेणाऱ्या पंडिताला, या ग्रंथाचा वाचक एक गणिती असेल असं स्वप्नात तरी वाटलं असेल का? ज्ञान उघडताना त्याचा उपयोग कोणाला होईल ते उघडणाऱ्याला ठाऊक नसतं. म्हणून 'याचा उपयोग काय, मागणी किती' असं विचारून साधनं खुली करायची की नाही ते ठरवू नये.

आता दुसऱ्या कुलुपाकडे येतो, ते जास्त जवळचं आहे. रिद्धपूर. तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे, फार चांगलं झालं. ज्या गावात म्हाइंभटानं लीळाचरित्र सिद्ध केलं त्या गावाला ते शोभतंच. चक्रधरांनी तत्त्वज्ञान मराठीत सांगितलं. त्यांच्या मागे नागदेवाचार्यांपुढे संस्कृतात रचना करण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी नको म्हटलं, कारण त्यामुळे पंथातल्या साध्या वृद्ध बायका ज्ञानाला मुकल्या असत्या. 'स्मृतिस्थळा'तला हा प्रसंग तुम्हाला माहीत आहे. सातशे वर्षांपूर्वी शिक्षणाच्या माध्यमाबद्दल इतका स्वच्छ निर्णय दुसरीकडे शोधावा लागेल. साधन कोणासाठी आहे ते आधी ठरवलं आणि त्यावरून भाषा ठरवली.

आणि याच पंथानं पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीत घातले. सकळ, सुंदरी, वज्र अशा कितीतरी सांकेतिक लिप्या. सकळ लिपीची युक्ती साधी आहे, एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरं चिन्ह. किल्ली ज्याच्याजवळ तो वाचेल. विटंबना होऊ नये, परक्याच्या हाती पडू नये, ही भीती त्यामागे होती, आणि ती भीती अगदी निराधार होती असं मी म्हणणार नाही. पण परिणाम काय झाला? भाषा मराठी, सगळ्यांना समजणारी, आणि पान उघडलं तर कोणालाच वाचता येत नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून मराठीतलं पहिलं मोठं गद्यच काही शतकं गायब राहिलं. महानुभावांच्या मराठी पोथ्या पंजाबात, पार काबूलपर्यंत गेल्या आणि पुण्याच्या विद्वानांना मात्र पत्ता नव्हता! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी लिपीचा उलगडा केला, पंथातल्या काही महंतांनी मन मोठं केलं, भाव्यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'च्या १९१९ च्या आवृत्तीत या वाङ्मयाला जागा दिली, आणि आपले यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये 'महानुभावीय मराठी वाङ्मय' लिहिलं. पुढे नरवेलच्या वि. भि. कोलत्यांनी आयुष्य याच कामात घातलं.

आता मी जे सांगणार आहे ते ऐकायला विनोदी वाटेल, पण ते विनोदासाठी नाही. सकळ लिपी अजून चालू आहे. आपल्याच विद्यापीठांत चालू आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय रूपात जमा करायला लावले. ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा' भांडारात जातात. कल्पना उत्तम. कोणीही, कुठूनही वाचावं. परवानाही मोकळा आहे, नाव देऊन, बिगरव्यापारी कामासाठी, त्याच अटींवर पुढे वाटता येतं. म्हणजे कायद्याचं कुलूप निघालं. आता एखादा मराठी प्रबंध उघडा. बरेचदा तो पानांचा नुसता फोटो असतो. फोटो नसेल तर त्यातला एक परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवून पाहा. रोमन अक्षरांचा चिवडा मिळेल, मधे टिंबं, कंस, टक्क्याची खूण. याचं कारण असं, की प्रबंध कृतिदेव, श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला असतो. या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते. एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरं चिन्ह! रवळोबासांनी सकळ लिपी केली असं परंपरा सांगते, ते असते तर त्यांनी ओळखलं असतं. (हशा)

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तीस वर्षांहून जास्त झाली. तरी टायपिंगवाल्याकडे जुना फॉन्ट आहे म्हणून प्रबंध त्यातच होतो, विभागाला चालतं, विद्यापीठाला चालतं. याची किंमत कोण देतं? शोधयंत्राला त्या प्रबंधातला शब्द सापडत नाही, म्हणून वाशिमच्या शाळांवर एकानं केलेलं काम दहा वर्षांनी दुसरा पुन्हा करतो. आणि जो विद्यार्थी डोळ्यांनी पाहू शकत नाही, जो मोबाईलकडून मजकूर वाचून घेतो, त्याला काय ऐकू येतं? इंग्रजी अक्षरांची बडबड. आपल्या अनेक महाविद्यालयांत असे विद्यार्थी आहेत, कला शाखेत जास्त. नागदेवाचार्यांची कसोटी इथे लावून बघा. कोणासाठी आहे हे साधन?

यावर उपाय महाग नाही. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक आहेत. फोटोवरून अक्षर ओळखणारी 'टेसरॅक्ट'सारखी आज्ञावली मोफत आहे आणि तिला मराठी येतं. चुका राहतात, मग कोणाला तरी बसून ओळ ओळ ताडून पाहावं लागतं. म्हणजे पुन्हा हिरालाल जैनांचंच काम, थोडं सोपं झालेलं. आपल्या पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठानं एवढं ठरवावं, की मराठी प्रबंध युनिकोडमध्ये असल्याशिवाय जमा करून घ्यायचा नाही. एका परिपत्रकाचं काम आहे.

तिसरं कुलूप कायद्याचं. कोठारी आयोगानंतर केंद्र सरकारनं राज्यांना एकेक कोटी रुपये देऊ केले, विद्यापीठीय पुस्तकं भारतीय भाषांत काढायला. महाराष्ट्रात त्यातून नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ झालं. सत्तरच्या दशकात या मंडळानं विज्ञान, समाजशास्त्रं, तत्त्वज्ञान सगळ्या विषयांवर मराठीत पुस्तकं काढली. शिक्षकांनी लिहिली, जाणकारांनी तपासली, पैसा जनतेचा होता. सगळीच काही थोर नव्हती. काही इंग्रजी पुस्तकांची सावली होती, काहींतली परिभाषा इतकी अवघड की मुलं इंग्रजी बरी म्हणायची. पण बरीच चांगली होती, आणि एका पिढीनं मराठीतून विचार करायला शिकावं ही त्यामागची तळमळ खरी होती. गुजरात, राजस्थान, मध्यप्रदेश यांची अशी मंडळं अजून पुस्तकं काढतात. आपलं मंडळ थांबलं. पुस्तकं महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत मागच्या मांडणीवर आहेत, छापील कुठे मिळत नाहीत.

ती स्कॅन करून, सुधारून आज वापरता येतील का? १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे सरकारी प्रकाशनाचा हक्क पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे १९७४ चं सरकारी मालकीचं पुस्तक २०३५ च्या एक जानेवारीला मोकळं होणार. हक्क लेखकाकडे असेल तर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. जनतेनं पैसे दिले, शिक्षकानं मानधन घेतलं, पुस्तक बाजारात नाही, कोणाचं एक रुपयाचं नुकसान होत नाही, आणि तरी ते साठ वर्षं बंद. मालकाला आपला हक्क सोडून देता येतो, कायद्यात तशी तरतूद आहे. जिथे हक्क शासनाचा आहे तिथे शासनानं तो सोडावा, ही मागणी कोणत्याही प्राध्यापक संघटनेच्या यादीत मी पाहिलेली नाही. वेतन आयोग आहे, पेन्शन आहे. असावीच. ही पण असू द्या.

याच्या उलट केतकर बघा. श्रीधर व्यंकटेश केतकर शिकले अमरावतीला, मग मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल. परत येऊन ज्ञानकोशाचं काम त्यांनी सुरू केलं ते नागपूरला, पुढे ते पुण्याला नेलं. तेवीस खंड. सरकारचा पैसा नाही, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले. केतकर १९३७ मध्ये गेले. तेव्हाच्या पन्नास वर्षांच्या मुदतीप्रमाणे १९८८ पासून तो ज्ञानकोश सगळ्यांचा झाला. आज तो महाजालावर आहे, कोणीही घ्यावा, दुरुस्त करावा. वर्गणीवर चालवलेलं खाजगी काम मोकळं झालं आणि जनतेच्या पैशाचं काम बंद राहिलं, असा हा उलटा न्याय.

आता आयोगाची 'अस्मिता' योजना आली आहे, २०२४ च्या जुलैत जाहीर झाली. बावीस भाषांत पाच वर्षांत बावीस हजार पुस्तकं. म्हणजे मराठीच्या वाट्याला हजार, वर्षाला दोनशे. आकडा मला भिववतो, पण प्रश्न आकड्याचा नाही. ही पुस्तकं कोणत्या परवान्यावर निघणार? परवाना आज खुला ठेवला नाही, तर २०२६ मध्ये सरकारनं छापलेलं पुस्तक २०८७ साली मोकळं होईल. सत्तरच्या दशकातली चूक आपण दुसऱ्यांदा, जास्त पैसे घालून करू.

भाषांतर आता यंत्रानं होईल, असं सांगतात. होऊ द्या. पण यंत्र काय वाचून शिकतं? तत्त्वज्ञानातल्या 'कॅटेगरी'साठी वैशेषिकांपासून 'पदार्थ' हा शब्द आहे. देवीदास दत्तात्रेय वाडेकरांनी १९७४ मध्ये तीन खंडांचा 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' संपादला, त्यात अशा शेकडो शब्दांचा नीट विचार केलेला आहे. तो कोश महाविद्यालयात काचेच्या कपाटात असतो. मग यंत्र 'श्रेणी' लिहितं, विद्यार्थी 'श्रेणी' वाचतो आणि त्याला वाटतं परीक्षेतल्या ग्रेडबद्दल चाललं आहे.

'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेबद्दल थोडक्यात. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झाली, तीन वर्षांना सहा हजार कोटी, तीस प्रकाशकांची जवळजवळ तेरा हजार नियतकालिकं. संशोधकाला फायदा आहे, नाकारत नाही. पण ही कुलूप काढण्याची योजना नाही, किल्ली भाड्यानं घेण्याची आहे. तीन वर्षांनी पुन्हा भाडं. आणि घोषणेतल्या सहा हजार तीनशे संस्था 'सरकारी' आहेत. आपल्या वऱ्हाडात महाविद्यालयं उभी केली ती लोकांनी, संस्थांनी. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था काढली तेव्हापासून हीच आपली रीत आहे. तेव्हा 'सरकारी' या शब्दाच्या कुंपणाबाहेर आपले बहुसंख्य विद्यार्थी उभे आहेत, हे मंत्रालयाला कोणीतरी सांगायला हवं.

अकोल्याच्या मंडळींसाठी एक गोष्ट, नाहीतर म्हणतील सरांनी अमरावतीचंच सांगितलं. पंजाबराव कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे. तिथले प्रबंध 'कृषिकोश' भांडारात आहेत, खुले. पण कापूस वऱ्हाडातला, बोंडअळी वऱ्हाडातली आणि प्रबंध इंग्रजीत. ज्याच्या वावरात प्रयोग झाला त्याला निष्कर्ष वाचता येत नाही. हेच विद्यापीठ दरवर्षी पिकं उभी असताना शिवार फेरी करतं. शेतकरी गाड्या करून येतात, प्रक्षेत्रावर फिरतात, वाण बघतात, शास्त्रज्ञाला तोंडावर विचारतात, 'साहेब, हे ओलिताचं झालं, कोरडवाहूत काय देईल ते सांगा.' आणि शास्त्रज्ञाला उत्तर द्यावं लागतं. खुल्या शिक्षणाच्या सगळ्या कसोट्या मला इथे पुऱ्या होताना दिसतात: भाषा आपली, प्रश्नाला वाव आहे, आणि शेतकरी घरी जाऊन आपल्या रानाप्रमाणे त्यात बदल करतो. त्या फेरीसाठी तयार होणारी माहिती आणि ग्रंथालयातला प्रबंध यांची एकमेकांशी ओळख करून द्या, एवढंच मागणं. प्रत्येक कृषी प्रबंधाला दहा पानांचा मराठी सारांश, शेतकऱ्याला उद्देशून, सक्तीचा करा.

(श्रोत्यांतून एका प्राध्यापिकेचा प्रश्न: सर, तुम्ही म्हणता ते पटतं. पण आम्ही मराठीत नोट्स लिहायच्या, भाषांतरं करायची, मोफत टाकायची, त्याचं आम्हाला पदोन्नतीत काय मिळतं?)

ताई, तुम्ही योग्य जागी बोट ठेवलं. विद्या दिल्यानं कमी होत नाही हे सुभाषित खरं आहे, पण देणाऱ्याचा वेळ कमी होतो, आणि डोळे जातात. हिरालाल जैनांनी वीस वर्षं दिली. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतला तक्ता काढून बघा. मानव्यविद्येत एका शोधनिबंधाला दहा गुण. अख्ख्या पुस्तकाच्या भाषांतराला आठ. म्हणजे कांटचं 'क्रिटिक' मराठीत आणणारा माणूस हा पाच पानांचा निबंध छापणाऱ्यापेक्षा दोन गुणांनी मागे. आणि निबंध कुठे छापतात? मधे 'ओपन अ‍ॅक्सेस' नावाखाली पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं, ते इतकं वाढलं की २०१८ च्या मे महिन्यात आयोगाला आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढावी लागली. खुलेपणाचं नाव आणि धंदा दुसरा.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर, आजच्या तक्त्याप्रमाणे फार काही मिळत नाही. तक्ता दिल्लीत ठरतो. पण अभ्यास मंडळ इथे आहे. नव्या धोरणाचे अभ्यासक्रम आले आहेत, मराठी माध्यमाच्या मुलाला गाईडशिवाय काही नाही. तत्त्वज्ञानाच्या अभ्यास मंडळानं पहिल्या सत्राच्या एका पेपरचं पुस्तक ठरवावं. पाच महाविद्यालयांतल्या पाच जणांनी एकेक प्रकरण घ्यावं, युनिकोडमध्ये लिहावं, पहिल्या पानावर खुला परवाना छापावा, आणि दरवर्षी मुलांनी काढलेल्या चुका दुरुस्त कराव्यात. संपादनाला माझी तयारी आहे. डोळे अजून चालतात, सकाळी दोन तास. पत्ता आयोजकांकडे आहे.